माशाच्या तेलाचा नकार आणि सुनेच्या माथी दोष



"धर्म सांभाळायचा की माणूस वाचवायचा?" हा प्रश्न शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या घरांत फार सहज फेकला जातो. घरात कुणाला लिव्हर सिरॉसिस असतो. पोटात पाणी झालेलं, पाय सुजलेले, क्रिएटिनिन वाढत चाललेलं. अशात कुणीतरी हितचिंतक ओमेगा-३ ची बाटली आणून ठेवतो. किडनीला चांगलं म्हणे! आत माशाचं तेल, वर जनावरांच्या हाडा-चामड्यापासून बनणाऱ्या जिलेटिनचं कवच. सून बाटलीवरची तपकिरी खूण दाखवते, आणि सगळं घर तिच्याकडे असं बघतं, जणू तीच सासऱ्यांच्या जिवावर उठली आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. इथे हा प्रश्नच लागू होत नाही.

माशाच्या तेलाची आशा डॉक्टरांनाही होती. सिरॉसिस बळावला की किडनीच्या रक्तवाहिन्या आकसतात, तिला रक्त कमी मिळतं. शरीरात थ्रॉम्बॉक्सेन नावाचं एक द्रव्य या वाहिन्या आकसवतं आणि माशाच्या तेलाने ते कमी बनतं. १९९५ मध्ये लिव्हर बदललेल्या, सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या रुग्णांच्या किडनीला या तेलाचा फायदाही दिसला. पण १९९७ मध्ये सिरॉसिस बळावलेल्या आणि किडनी मंदावलेल्या रुग्णांना तेच तेल देऊन पाहिलं, तेव्हा किडनीत काही सुधारणा झाली नाही. दोन्ही अभ्यास 'हेपॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आले आहेत. बाटली विकणारा पहिली गोष्ट सांगतो, दुसरी गिळतो.

म्हणजे ज्या औषधाने त्या रुग्णाची किडनी सुधारतच नाही, ते नाकारून सुनेने कुणाचा जीव धोक्यात घातला?

पण मैत्रिणींनो, हाच न्याय आपल्यालाही लावायला हवा. हिरवा ठिपका दिसला की आपण डोळे मिटून गिळतो. काढे, चूर्णं, गुळवेल. आपल्या शहापूरच्या कातकरी तरुणांनी गोळा केलेली गुळवेल मोठमोठ्या कंपन्यांपर्यंत पोचली, याचा मलाही अभिमान आहे. तरी २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद जाणकारांनी घालावा. आधीच सुकलेल्या लिव्हरवर आपण घरी प्रयोग करू नयेत. शाकाहारी म्हणजे निर्धोक, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

किडनी खरोखर कशाने बिघडते ते बघा. कंबर दुखली म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी सिरॉसिसच्या पेशंटची किडनी बंद पाडू शकते. उलट्या-जुलाब, पोटातल्या पाण्यात झालेला जंतुसंसर्ग आणि लघवीच्या गोळ्या चालू असताना केलेला निर्जळ उपवास, हीसुद्धा तशीच कारणं. पर्युषणात आजारी माणूस अठ्ठाईचा हट्ट धरतो आणि आपण अनुमोदना करतो! सिरॉसिसमध्ये रात्रभर उपाशी राहिल्याने स्नायू झिजतात, म्हणून डॉक्टर झोपण्यापूर्वी थोडं खायला सांगतात. चौविहार असेल तर महाराजसाहेबांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही मोकळेपणाने विचारा. पच्चक्खाणात आगार ठेवले आहेत, ते उगाच नाहीत.

आणि लघवी कमी झाली, पेशंट गुंगीत बोलू लागला, तर त्याच तासाला उपजिल्हा रुग्णालय गाठा आणि पुढे ठाणे-मुंबईला पाठवायचं का ते विचारा. तिथे अल्ब्युमिन लावायला सांगितलं, तर "हे कशापासून बनतं?" म्हणून अडून बसू नका. ते माणसांनी दिलेल्या रक्तापासून बनतं आणि अशा किडनीच्या उपचारात त्याची खरी गरज असते. जिथे उपचार खरा आहे, तिथे आपला धर्म आडवा येत नाही.

बाटली आणणाऱ्या पाहुण्याला एवढंच विचारा: "सिरॉसिसच्या पेशंटची किडनी याने सुधारते, असं त्याच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय का?" दिलं नसेल तर पाहुण्यांना चहा द्या आणि बाटली त्यांच्याच पिशवीत परत घाला.