समृद्धीने जावे की लोणारवरून?

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की दिग्रसमधील अनेक घरांतून पुण्या-मुंबईकडे गाड्या निघतात. जाण्यापूर्वी बी.पी.च्या गोळ्या लिहून घ्यायला आलेली मंडळी हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, समृद्धीने जावे की जुन्या रस्त्याने?" प्रश्न रस्त्याचा वाटतो, पण तो प्रकृतीचाही आहे.

आपल्याकडून पुणे पाचशेहून अधिक किलोमीटर. एक वाट पुसद, वाशीम, रिसोड, लोणार, मंठा, जालना अशी जाते. दुसरी कारंजा किंवा शेलूबाजारकडून समृद्धी महामार्गाला लागते. नागपूर-शिर्डी हा या महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला आहे.

समृद्धीवर खड्डे नाहीत, हिसके नाहीत. गरोदर स्त्री, कंबरदुखीचा रुग्ण किंवा वळणावर ओकारी होणारे मूल सोबत असेल तर हा रस्ता निश्चितच सुखाचा. पण त्याचा गुण तोच त्याचा दोष. वळण नाही, गाव नाही, बैलगाडी नाही. तासन् तास तेच दृश्य पाहून मेंदू सुस्तावतो आणि उघड्या डोळ्यांनीही डुलकी लागते. ताशी १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर गाडी चालकाविना!

१ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जण मृत्युमुखी पडले. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र वेळ महत्त्वाची वाटते : रात्री दीडच्या सुमाराची. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत शरीर झोप मागतेच. दुपारी जेवणानंतरही थोडीफार तीच गत. दिवसभर दुकान किंवा शेत सांभाळून रात्री स्वतः गाडी घेऊन निघणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

जुना रस्ता वेळ खातो. ट्रॅक्टर, जनावरे आणि समोरून येणारी वाहने यांमुळे तिथेही धोका आहेच. पण तो माणसाला जागा ठेवतो आणि थांबायला लावतो. लोणारला उल्कापाताने झालेले सरोवर पाहावे, दैत्यसूदनाच्या मंदिरात जरा टेकावे. तेवढ्यात आजोबांचे पाय मोकळे होतात आणि मुलांची कुरकुर थांबते. सलग चार-पाच तास पाय लोंबकळत ठेवून बसल्यास पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. वृद्ध, स्थूल व नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

म्हणून माझे मत असे : हाताशी दोन दिवस असतील, तर दिवसाउजेडी जुन्या रस्त्याने जा आणि वाटेत मुक्काम करा. घाई असेल तर समृद्धीने जा; पण वाचलेल्या वेळातील एक तास विश्रांतीला द्या. वाचलेला सगळा वेळ पुन्हा वेगातच घालवायचा, तर मिळवले काय?

कोणत्याही रस्त्याने गेलात तरी दर दोन तासांनी थांबून पाच-दहा मिनिटे चाला. लघवी लागू नये म्हणून पाणी न पिणे ही आपल्या भगिनींची सवय मूत्रमार्गाच्या विकाराला आमंत्रण देते. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. साखर किंवा बिस्किटे हाताशी ठेवावीत. सर्दीच्या व ओकारीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्या चालकाने घेऊ नयेत. टायरची हवा निघण्यापूर्वी तपासा, मागच्या सीटवरही पट्टा लावा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांना पाठ असू द्या.

डोळे जड झाले तर चहा, गाणी, खिडकीची हवा यांवर विसंबू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवून वीस मिनिटे झोपा. पुण्याला अर्धा तास उशिरा पोहोचलात म्हणून कोणी रागावणार नाही.