आठ विजयांचा हिशेब

लोकप्रतिनिधीची थोरवी मोजावयाची झाली म्हणजे आपल्याकडे प्रथम त्याच्या विजयांची संख्या सांगण्यात येते आणि लगोलग मताधिक्याचा आकडा पुढे करण्यात येतो. जितका आकडा मोठा तितका पुढारी मोठा, असे हे सोपे गणित आहे. सभेतील हारतुऱ्यांसाठी ते ठीक असेल; परंतु लोकशाहीचा हिशेब मांडणाराने त्यावर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पटवून देण्यास इंदूरच्या श्रीमती सुमित्राताई महाजन यांच्या निवडणुकांचा इतिहास पुरेसा आहे. महाराष्ट्राबाहेरील एका शहरातून एक मराठी स्त्री लागोपाठ आठ वेळा लोकसभेवर निवडून जाते, ही घटना आम्हां सीमावासीयांना तर विशेषच विचार करावयास लावणारी आहे.

चिपळूणला १९४३ साली साठे कुटुंबात जन्मलेल्या सुमित्राताई विवाहानंतर इंदूरकर झाल्या. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ दिल्लीत झाला नाही, तो नगरपालिकेच्या कारभारात झाला. नळाचे पाणी आणि गटारे हेच जेथे राजकारण असते, त्या इंदूर महानगरपालिकेत १९८४ च्या सुमारास त्या उपमहापौर होत्या. १९८५ साली विधानसभेस उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. ह्या पराभवाचा उल्लेख त्यांच्या गौरवाच्या भाषणांतून सहसा येत नाही. आम्ही तो मुद्दाम करतो. आठ विजयांची ही मालिका एका पराभवानंतर सुरू झाली आहे. मतदार नाकारू शकतो, हा धडा ज्याला आरंभीच मिळाला, त्याला पुढे मताची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

१९८९ साली त्यांच्यासमोर प्रकाशचंद्र सेठी उभे होते. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, केंद्राचे माजी गृहमंत्री आणि १९८० व १९८४ ह्या दोन्ही निवडणुकांत इंदूरहून निवडून गेलेले! अशा मातब्बर प्रतिस्पर्ध्यास माजी उपमहापौर असलेल्या एका स्त्रीने पराभूत केले. त्यानंतर १९९१, १९९६, १९९८ आणि १९९९ अशा निवडणुका एकामागून एक आल्या. दिल्लीत सरकारे बनत होती आणि कोसळत होती. त्यामुळे दहा वर्षांत पाच वेळा लोकांपुढे जाण्याचा प्रसंग आला आणि पाचही वेळा इंदूरने त्यांनाच कौल दिला. २००४ साली त्यांच्या पक्षाची केंद्रातील सत्ता गेली, तरी इंदूरची जागा त्यांनी दीड लाखाहून अधिक मताधिक्याने राखली. २००९ आणि २०१४ मिळून आठ विजय पुरे झाले. मतदारसंघ एक, पक्ष एक आणि मध्ये खंड नाही.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. इंदूर ही होळकरांची नगरी, अहिल्यादेवींचे नाव तेथे घरोघर. तेव्हा तेथील मराठी समाजाने आपल्या कन्येस निवडून दिले, असा समज आपल्याकडे अनेकांचा असतो. तो सुखद आहे, पण खरा नाही. इंदूरमध्ये मराठी माणूस अडीचशेहून अधिक वर्षे नांदत आहे हे खरे. तथापि तेथील मतदारांत तो अल्पसंख्यच आहे. केवळ मराठी मतांवर तेथे लोकसभेची जागा जिंकता येणार नाही. हिंदी बोलणारा व्यापारी, गिरणी बंद पडल्यावर दुसरा धंदा शोधणारा कामगार, आसपासच्या खेड्यांतील शेतकरी ह्या सर्वांनी त्यांना ‘ताई’ म्हटले, म्हणून त्या आठ वेळा निवडून आल्या. विशेष हे की, हाक मारावयास इंदूरने ‘दीदी’ हा हिंदी शब्द न घेता ‘ताई’ हा मराठी शब्दच घेतला. भाषा टिकवावयाची म्हणजे शेजाऱ्याशी अबोला धरावयाचा असे नव्हे, हे इंदूरने दाखवून दिले आहे.

आता आकड्यांकडे वळू. २००९ साली सुमित्राताईंना ३,८८,६६२ मते मिळाली आणि काँग्रेसचे सत्यनारायण पटेल यांना ३,७७,१८२. अंतर अवघे ११,४८०! सहा वेळा निवडून आलेल्या, केंद्रात राज्यमंत्रिपद भोगलेल्या आणि घराघरांत परिचित असलेल्या उमेदवारास मतदारांनी असे उंबरठ्याशी आणून उभे केले. पुढे पाच वर्षांनी त्याच दोन उमेदवारांत सामना झाला. त्यांना ८,५४,९७२ मते पडली, पटेलांना ३,८८,०७१, अंतर ४,६६,९०१.

ह्या दोन आकड्यांपैकी मोठा कोणता? शाळकरी मुलगा दुसरा म्हणेल. आम्ही पहिला म्हणतो. २०१४ चा आकडा सर्वस्वी ताईंचा नव्हता. त्या वर्षी देशभर जी लाट उसळली, तीत मध्य प्रदेशातील २९ पैकी २७ जागा त्यांच्या पक्षास मिळाल्या. लाटेत मिळालेल्या मताधिक्यातील किती भाग उमेदवाराचा आणि किती लाटेचा, हे कोणी सांगावे? २००९ च्या आकड्याबाबत असा संशय घेता येत नाही. त्यात प्रतिस्पर्धी तुल्यबळ होता, मतदारास निवड होती आणि नाराजी उघड बोलून दाखविण्याची संधी होती. मतदारांनी ताईंना हाकलले नाही, पण जाब विचारला. आठ विजयांच्या वहीत हे ११,४८० चे पान सर्वांत प्रामाणिक आहे, कारण पराभव शक्य असतानाच विजयाला किंमत येते.

निवडणूक जिंकणे हा प्रतिनिधीच्या कामाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. म्हणून सभागृहातील हिशेबही मांडला पाहिजे. ६ जून २०१४ रोजी सुमित्राताई सोळाव्या लोकसभेच्या अध्यक्ष म्हणून अविरोध निवडल्या गेल्या. मीरा कुमार यांच्यानंतर त्या आसनावर बसलेल्या त्या दुसऱ्या महिला. तो मान मोठाच होता. परंतु त्या आसनावरील त्यांच्या निर्णयांविषयी सर्वत्र समाधान नव्हते, हेही नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी काँग्रेसचे २५ सदस्य पाच दिवसांसाठी निलंबित केले. मार्च २०१८ मध्ये अर्थसंकल्पाच्या मागण्या आणि वित्त विधेयक गोंधळातच, चर्चेवाचून मंजूर झाले. त्याच अधिवेशनात अविश्वासाच्या प्रस्तावांच्या सूचना आल्या. सभागृहात शिस्त नाही ह्या कारणास्तव त्या घेतल्या गेल्या नाहीत आणि प्रत्यक्ष चर्चा जुलैमध्ये झाली. गोंधळ घालणारांचा दोष आम्ही झाकीत नाही. पण तीस वर्षे विरोधी बाकांचा आणि सत्तेच्या बाकांचा अनुभव घेतलेल्या अध्यक्षांकडून, चर्चेवाचून एक रुपयाही मंजूर होऊ नये एवढा आग्रह अपेक्षिला तर तो अवाजवी म्हणता येईल काय? लोक प्रतिनिधीस दिल्लीला पाठवितात ते बोलण्यासाठी. आठ वेळा मिळालेला कौल हा त्या बोलण्याच्या हक्काचा कौल असतो.

ह्या कारकीर्दीचा शेवट मतदाराच्या हातून झाला नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत खटकते. २०१९ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना उमेदवारी न देण्याचे धोरण त्यांच्या पक्षाने धरले होते. इंदूरचे नाव जाहीर होण्यास विलंब लागला. अखेर ५ एप्रिल २०१९ रोजी ताईंनी स्वतःच पत्र लिहून, आपण निवडणूक लढविणार नाही, पक्षाने मोकळेपणाने निर्णय घ्यावा, असे कळविले. पत्राची भाषा संयमाची होती. त्यामागील खंत लपली नाही. नव्या माणसास जागा मिळावी हे योग्यच. परंतु आठ वेळा लोकांनी ज्यांना निवडले, त्यांचा नववा निर्णय लोकांपर्यंत न जाता पक्षाच्या कार्यालयातच व्हावा, यात लोकशाहीपेक्षा पक्षशाहीच अधिक दिसते.

आणि त्यानंतर काय झाले? २०२४ साली त्याच इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, २९ एप्रिलला, माघार घेतली आणि तो सत्ताधारी पक्षास जाऊन मिळाला. रिंगणात तुल्यबळ असा कोणी उरलाच नाही. विजयी उमेदवारास १२,२६,७५१ मते पडली; दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास ५१,६५९. मताधिक्य ११,७५,०९२! ताईंच्या सर्वांत मोठ्या मताधिक्याच्या अडीच पट. मात्र २,१८,६७४ मतदारांनी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबले. निवड करावयास आपल्यापुढे कोणी ठेवलेच नाही, एवढे सांगण्यासाठी हे लोक उन्हात रांगा लावून उभे राहिले. असा प्रकार व्हावयास नको होता, ह्या अर्थाचे मत स्वतः सुमित्राताईंनीही उघडपणे व्यक्त केले, हे त्यांना भूषणावह आहे. एकाच शहरातील ११,४८० आणि ११,७५,०९२ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे. पहिल्यात मतदार राजा होता. दुसऱ्यात तो प्रेक्षक झाला.

हे सारे आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकांस कशासाठी सांगत आहोत? इंदूरचा प्रश्न आणि आमचा प्रश्न एक नव्हे, हे आम्ही जाणतो. इंदूर महाराष्ट्राच्या सीमेला लागून नाही. तेथील मराठी माणूस विलीनीकरण मागत नाही. परंतु मतपेटीचा कायदा दोघांनाही सारखाच आहे. ज्या १९९६ साली ताई इंदूरहून तिसऱ्यांदा निवडून गेल्या, त्याच साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून मराठी माणसांनी तो मार्ग पत्करला. लक्ष वेधले गेले; परंतु बेळगावचा खासदार काही मराठी भाषकांच्या मनातला झाला नाही. उलट त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपयांवर नेण्यात आली.

पुढचे आकडे अधिक बोलके आहेत. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समिती दोन गटांत विभागली आणि तिचा एकही आमदार निवडून आला नाही. २०२३ सालीही हात रिकामेच राहिले. त्या दोहोंच्या मध्ये, २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवारास १,१७,१७४ मते मिळाली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते ५,२४०. म्हणजे समितीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मतांची संख्या विजयाच्या अंतराच्या बावीस पट होती! जागा मिळाली नाही. पण त्या दिवशी बेळगावात मराठी मत मोजूनमापून दिसले आणि दोन्ही मोठ्या पक्षांना त्याची दखल घ्यावी लागली. ही शक्ती नव्हती ती कधी? ती विखुरली होती एवढेच. शत्रूने आमचे जेवढे नुकसान केले नसेल, तेवढे आमच्याच दोन व्यासपीठांनी केले, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

सुमित्राताईंचा पक्ष कोणता, त्यांची मते कोणती, हा येथे प्रश्न नाही. ज्यांना ती मते मान्य नाहीत त्यांनीही त्यांच्या निवडणुकांच्या वहीतून तीन गोष्टी उतरून घ्याव्यात. एक, पहिल्या पराभवानंतर घरी बसू नये. दोन, निवडणुकीच्या महिन्यात दारी येणारास मतदार ओळखतो; पण नळाला पाणी नसताना दारी येणारास तो आपला मानतो. तीन, मते आपल्या भाषेच्या घरांत जन्मतात, पण विजयासाठी शेजाऱ्याच्या घरापर्यंत जावे लागते. समितीचे जे कार्यकर्ते आज उमेदवारीवरून एकमेकांच्या सावलीस उभे राहत नाहीत, त्यांनी ह्या तीन गोष्टींवर विचार करावा, अशी आमची त्यांस कळकळीची विनंती आहे.

आणि मतदारास आमचे सांगणे एवढेच की, प्रतिनिधी कितीही थोर असो, त्यास अधूनमधून ११,४८० चा आकडा दाखविण्याचे सामर्थ्य आपल्या हाती राखावे. जो मतदार नाकारू शकतो, त्याच्याच होकाराला मोल असते. सीमाभागातील मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या नकार देत आला आहे. आपल्या संमतीवाचून ठरविलेल्या सीमेस तो नाही म्हणतो. हा नकार विखुरलेल्या ४५६ नावांनी सांगावयाचा की एका नावाने, ह्याचा निर्णय पुढील निवडणुकीच्या पूर्वीच, आपल्याच घरात व्हावयास हवा.