रेघेपलीकडची गावे

शाळेत आपण सीमांचे दोन प्रकार पाठ केले होते. डोंगर, नदी, वाळवंट यांची नैसर्गिक सीमा आणि माणसाने नकाशावर आखलेली कृत्रिम सीमा. डोंगर निदान डोळ्यांना दिसतो. त्याच्या खिंडीतून वाटा पडतात, व्यापार होतो. रेघ दिसत नाही आणि ती ओढणारा बहुधा तेथे राहावयास येत नाही. या दोहोंत न बसणारी एक सीमा मात्र आमच्या पुस्तकात नव्हती. ती म्हणजे वारशाने गळ्यात पडलेली.

कूचबिहारचे राजे आणि मोगल यांच्यात १७१३ साली तह झाला, तेव्हा एकमेकांच्या मुलखात शिरलेले तुकडे ज्याचे त्याच्याकडेच राहिले. पुढे इंग्रजी अमलात त्याने कोणाचे फारसे अडले नाही. १९४७ मध्ये भोवतालचा रंगपूर जिल्हा पूर्व पाकिस्तानात गेला, १९४९ मध्ये कूचबिहार संस्थान भारतात विलीन झाले आणि ते तुकडे परदेशातील बेटे ठरले. बंगालीत त्यांना ‘छिटमहल’ म्हणतात. भारताचे १११ तुकडे आजच्या बांगलादेशात, तर बांगलादेशाचे ५१ भारतात! दहाला खागराबाडी येथे तर बांगलादेशातील भारतीय गावात एक बांगलादेशी गाव आणि त्याच्याही पोटात भारताचे दोनेक एकरांचे एक शेत होते.

हे वाचून हसू येते. तेथे राहणाऱ्यास ते येत नसावे. १९५२ मध्ये पारपत्र व व्हिसा सक्तीचे झाले. व्हिसासाठी आपल्या देशातील शहर गाठावयाचे, आणि ते गाठण्यासाठी व्हिसाविना परका मुलूख ओलांडावयाचा! बाजारास जाणे हाच गुन्हा झाला. वीज नाही, सरकारी दवाखाना नाही, चोरी झाली तर पोलीस येणार कोठून? शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शेजारच्या गावातील परक्या माणसाचे नाव वडील म्हणून लावीत.

बँकेत मी असंख्य अर्ज पत्त्याच्या पुराव्याअभावी परत केले. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. परंतु ज्याच्या पत्त्याला दोन्हीपैकी एकही सरकार हात लावीत नाही, त्याने कोणता कागद आणावा, हा प्रश्न तेव्हा मला कधी पडला नाही.

अदलाबदलीचा करार १९७४ मध्ये झाला. अंमल झाला तो ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. रहिवाशांना नागरिकत्व निवडण्याची मुभा होती. २०११ च्या गणतीनुसार बांगलादेशातील भारतीय छिटमहलांत ३७ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांतील सुमारे एक हजारांनीच भारत निवडला. भारतातील १४ हजारांपैकी पलीकडे कोणीच गेले नाही. मला यात देशप्रेमाचा हिशेब दिसत नाही. जेथे घर, शेत आणि वाडवडिलांची माती, तेथेच बहुतेक राहिले. जे आले, त्यांना आरंभी दिनहाटा, मेखलीगंज व हल्दीबाडी येथील तात्पुरत्या छावण्यांत राहावे लागले.

दहग्राम–अंगरपोता हे बांगलादेशी छिटमहल मात्र अदलाबदलीतून वगळले गेले. तेथील लोक आजही भारताच्या भूमीवरील ‘तीन बिघा’ या चिंचोळ्या पट्टीतून आपल्याच देशात जातात. ती वाट १९९२ साली उघडली, तेव्हा दिवसाचे ठरावीक तासच खुली असे. चोवीस तास जाता येऊ लागले ते २०११ पासून.