फिर्दौसी, मीर, जौक आणि नशीब

'कौन बनेगा करोडपती'च्या अकराव्या पर्वातला बबिता ताडे यांचा तो भाग सप्टेंबर २०१९ मध्ये लागला होता. एवढी वर्षं झाली, तरी त्याचा तुकडा दर काही महिन्यांनी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ताज्या बातमीसारखा येऊन पडतो. गेल्या आठवड्यात पुन्हा आला. आणि त्याच्या मागोमाग तीच ती तीन मतं. एक, बाईचं नशीब जोरावर होतं. दोन, असल्या प्रश्नांना काय अर्थ, कुठल्या पुस्तकाचा कोण लेखक हे माहीत असून कुणाचं भलं झालंय. आणि तिसरं मत आमच्या धाकट्या काकांचं, की मराठी बाईला शेवटी उर्दूतलाच प्रश्न का विचारावा?

काका, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. म्हणून ग्रुपवर अंगठा दाखवून गप्प बसण्यापेक्षा इथे नीट उत्तर देते.

आधी प्रश्न काय होता ते पाहू. कारण तो तुकडा पाहणाऱ्यांना बच्चनसाहेबांचा आवाज आठवतो, बाईंच्या डोळ्यातलं पाणी आठवतं. प्रश्न विचारला तर कुणालाच सांगता येत नाही. एक कोटीचा प्रश्न असा होता: बादशहा बहादुरशहा जफर यांच्याशी संबंधित कोणत्या शायराने १८५७ च्या उठावातल्या स्वतःच्या अनुभवांवर 'दास्तान-ए-गदर' हे पुस्तक लिहिलं? पर्याय चार. मीर तकी मीर, मोहम्मद इब्राहिम जौक, जहीर देहलवी आणि अबुल कासिम फिर्दौसी.

आता जरा थांबा आणि हे चार पर्याय पुन्हा वाचा. फिर्दौसी म्हणजे 'शाहनामा'वाला, इराणातला, हजार वर्षांपूर्वीचा. तो दिल्लीच्या गदरात काय करणार? मीर गेला १८१० साली, लखनौमध्ये. उरले दोघे. इथे खरी मेख आहे. जौक हा खुद्द जफरचा उस्ताद. 'बहादुरशहाशी संबंधित शायर' म्हटलं की ज्याने थोडंफार ऐकलंय त्याच्या तोंडी पहिलं नाव जौकचंच येणार. पण जौक वारला १८५४ मध्ये. उठावाच्या तीन वर्षं आधी! मेलेला माणूस स्वतःचे अनुभव कसे लिहील? म्हणजे चार पर्यायांपैकी १८५७ साली जिवंत असा एकच, जहीर देहलवी. पुस्तकाचं नाव आयुष्यात ऐकलेलं नसलं, तरी कोण कधी होऊन गेलं याची जाण असलेल्या माणसाला हे उत्तर विचार करून काढता येतं.

(प्रश्न काढणाऱ्याला मी मानते. त्याने गालिबचं नाव पर्यायांत घातलं असतं तर पंचाईत होती. गालिब १८५७ मध्ये दिल्लीतच होता, १८६९ पर्यंत जगला, आणि त्यानेही त्या दिवसांची हकीकत 'दस्तंबू' नावाने फारसीत लिहून ठेवली आहे. मग मात्र पुस्तक माहीत असल्याखेरीज सुटका नव्हती.)

तेव्हा 'नशीब' हा शब्द कृपा करून मागे घ्या. आणि मला एक सांगा, ऑक्टोबर २००० मध्ये हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला तेव्हा त्याला कुणी नशीबवान म्हटलं होतं का? त्याचा शेवटचा प्रश्न होता संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना कोणाला देते, उत्तर ॲटर्नी जनरल. तेव्हा हेच काका, हीच मावशी, सगळे म्हणाले, 'हुशार मुलगा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलाय.' बरोबर आहे, केला होता. पण अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी उत्तर दिलं की ते नशीब. वर्तमानपत्रंही त्याच वळणाची. मथळ्यात खिचडी, मजकुरात दीड हजार रुपये मानधन, चौकटीत घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाईल. त्यांनी काय वाचलं, कधी वाचलं, साडेचारशे मुलांचा स्वयंपाक उरकून वाचायला वेळ कुठून काढला, हे विचारावंसं किती जणांना वाटलं? गरिबीची बातमी होते, वाचनाची होत नाही. दीड हजार मानधनाचीही बातमी झाली ती फक्त रंगत आणण्यापुरती. एवढ्या पैशात शाळेचा स्वयंपाक करून घेणाऱ्या व्यवस्थेला लाज वाटावी असं त्यात काही आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या मताकडे येते. 'अर्थ काय.' गंमत अशी, की एक कोटीनंतर त्यांना सात कोटींचा प्रश्न आला होता: कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? उत्तर बिहार. झाकिर हुसेन आणि रामनाथ कोविंद. बाई तिथे थांबल्या आणि कोटी घेऊन घरी आल्या, शहाणपणाचंच केलं. निरर्थक माहिती कशाला म्हणायचं तर या प्रश्नाला म्हणा ना! त्यात ना विचार ना संगती, नुसती मोजणी. पण त्यावर ग्रुपवर कुणी नाक मुरडलं नाही, कारण 'राज्यपाल', 'राष्ट्रपती' हे शब्द आले की आपल्याला ते जनरल नॉलेज वाटतं. शायर आणि पुस्तक आलं की फालतू.

हां, एक गोष्ट मान्य. अशा कार्यक्रमात साहित्य येतं ते नावापुरतंच. उत्तर लॉक झालं, दिवे फिरले, संगीत वाजलं, संपलं. त्या पुस्तकात आहे काय, हे सांगायला दोन मिनिटंही नाहीत आणि जाहिरातींना मात्र वेळच वेळ. म्हणून मीच सांगते थोडक्यात. जहीर हा जौकचा शागिर्द, तरुण वयात लाल किल्ल्यातल्या दरबारात नोकरीला. दिल्ली पडल्यावर जीव वाचवून पळाला, मग जयपूर, टोंक असा रोजगारासाठी भटकत राहिला. आणि म्हातारपणी बसून त्या सगळ्याची हकीकत लिहिली. राणा सफवी यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली आलाय, सहज मिळतो.

आणि हा जहीर शेवटी गेला कुठे? हैदराबादला. निजामाच्या राज्यात. १९११ मध्ये तिथेच वारला. म्हणजे काका, ज्याला तुम्ही 'त्यांच्याकडचा' म्हणताय तो आपल्या पणजोबांच्याच राज्याचा रहिवासी होऊन मेला. औरंगाबाद तेव्हा त्याच राज्यात होतं, १९४८ पर्यंत.

उर्दूचं आपल्याला काय, असं पुण्याच्या आतेभावाने म्हटलं तर मी समजू शकते. पण छावणीत जन्म काढलेल्या माणसाने म्हणावं? वली इथला, सिराज तर नावातच औरंगाबादी. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-तरक्की-ए-उर्दूचा कारभार कित्येक वर्षं चालवला तो याच शहरातून. आजोबांच्या पिढीची शाळा, कोर्ट, सातबारा सगळं उर्दूत. मराठी घरात बोलायची आणि देवापुढे म्हणायची. सेतुमाधवराव पगडींसारखा माणूस उर्दू-फारसी मराठी वाचकाच्या ओळखीची करून देऊ शकला तो याच मातीमुळे. आज शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. त्यामुळे वली आणि सिराज गाव सोडून गेले असं झालेलं नाही.

आणि गदर? तो तर आपल्या दारातच झाला होता. जून १८५७. इथे छावणीत हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ होतं. आपल्याला दिल्लीला, बादशहाविरुद्ध लढायला नेणार अशी कुणकुण लागली आणि शिपाई बिथरले. जनरल वुडबर्न पुण्याहून फौज घेऊन आला, उठाव मोडला. कुणाला फाशी, कुणाला गोळी, कुणाला तोफेच्या तोंडी. शिक्षा झाली ती जागा काळा चबुतरा, म्हणजे आजचा क्रांती चौक. रोज त्या चौकात सिग्नलला उभे राहतो आपण, आणि तिकडे बादशहाच्या दरबारातल्या माणसाने त्याच वर्षाबद्दल काय लिहिलं हे विचारलं की म्हणतो, आपला काय संबंध!

बरं, उर्दू नको तर नको. मराठीत तरी वाचलंय का? विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरातलं कर्ज फेडायला चार पैसे मिळतील म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा हे झाशीत. पुढे सगळी हकीकत लिहून काढली, चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ती 'माझा प्रवास' म्हणून छापली. छापताना वैद्यांनी मजकुरात बरीच ढवळाढवळ केली होती. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. हिंदीत अमृतलाल नागरांनी अनुवाद केला. इतकं अस्सल पुस्तक आपल्याकडे आहे, आणि ज्यांना 'उर्दूतलाच प्रश्न का' म्हणून राग आला त्यांच्यापैकी एकाच्याही घरी ते नाही. मी विचारून पाहिलं :-)

म्हणून ग्रुपवर मीच एक प्रश्न टाकला, अगदी त्याच बेताचा. १८५७ च्या बंडातले स्वतःचे अनुभव खालीलपैकी कोणी लिहून ठेवले? मोरोपंत, रामजोशी, होनाजी बाळा, विष्णुभट गोडसे. लाईफलाईन नाही, वेळेचं बंधन नाही, बक्षीस म्हणून रविवारी माझ्याकडे जेवण.

आत्तापर्यंत तीन उत्तरं आली आहेत. मावशीचं बरोबर आहे. आतेभावाने 'गूगल केलं तर चालेल का' असं विचारलंय, ते उत्तर धरत नाही. आणि काका मोरोपंतांवर लॉक करून बसले आहेत. मोरोपंत १७९४ साली वारले, काका.