भोपळ्याचे सूप आणि मुक्तीचा हिशेब

१ जानेवारीला जग नववर्षाच्या मेजवान्या झोडत असते. कॅरिबियनमधील हैती देशात मात्र त्या दिवशी घरोघरी ‘सूप जुमू’ शिजते. भोपळा, गोमांस, कोबी, बटाटे, मॅकरोनी आणि झणझणीत मिरची. पदार्थ साधा, पण त्याचा इतिहास रक्ताचा आहे.

फ्रेंच मळेवाल्यांच्या राजवटीत भोपळा पिकवायचा गुलामांनी, सूप रांधायचे गुलामांनी आणि ओरपायचे मालकांनी! १७९१ मध्ये हे गुलाम पेटून उठले. नेपोलियनच्या फौजेला धूळ चारून १ जानेवारी १८०४ रोजी देसालिन यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. कालपर्यंत नाकारलेले सूप स्वाभिमानाचे अन्न झाले. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ओंजळीत घेणाऱ्यांच्या वारसांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

२०२१ मध्ये युनेस्कोने या सूपला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आनंदच आहे. पण कौतुकाने हिशेब मिटतो काय? १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून हैतीकडे १५ कोटी फ्रँक मागितले. कशासाठी? मळेवाल्यांचे ‘नुकसान’ झाले म्हणून! १८३८ मध्ये ही मागणी ९ कोटींवर आली. ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकापर्यंत त्या देशाच्या मानगुटीवर होते. म्हणजे गुलामानेच आपल्या मुक्तीची किंमत मालकाला मोजली.

सूपला वारसा म्हणणाऱ्या जगाने ही लूटही वारसा म्हणून नोंदवावी आणि फ्रान्सने ती परत करावी. ताटाचा सन्मान आणि ताटातल्या घासाची चोरी, दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत!