रॅम वाढव म्हणे!

"रॅम वाढव." सर्व्हर बंद पडला म्हणून कुणालाही विचारा, पहिलं उत्तर हेच मिळतं. लॉग पाहिलास का, असं कुणी विचारत नाही. मला या सल्ल्याचा राग आहे, आणि त्याला कारण आहे.

मी वैशाखऱ्याचा. मुरबाडहून माळशेजकडे जाताना आमचं गाव लागतं. नाणेघाट चढणारे बरेच जण इथूनच वाट धरतात. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे त्यांचं जेवण असतं: तांदळाची भाकरी, पिठलं, वरणभात. आगाऊ नोंदणीसाठी मी एक साइट लिहिली. जावात, कारण कॉलेजात तेच शिकवलं. टॉमकॅट, मायएसक्यूएल, आणि भाड्याचा एक जीबीचा सर्व्हर.

जुलैतल्या एका शनिवारी रात्री साइट मेली. सकाळी आई विचारते, "किती भाकऱ्या टाकू?" मला सांगता येईना. अंदाजाने केलं, आणि दुपारी घाटातल्या रांजणापाशी फोटो काढून उतरलेली शेवटची दहाबारा पोरं नुसत्या भातावर गेली.

आयटीतल्या एका सीनियरला विचारलं. तो म्हणाला, "एक्सएमएक्स एक जीबी कर." केलं. साइट आधीपेक्षा लवकर मरायला लागली. मग म्हणाला, "चार जीबीचा प्लॅन घे ना, किती फरक पडतो!" फरक पडतो, दादा. बिल डॉलरमध्ये येतं आणि आमचा सीझन चार महिन्यांचा.

गंमत म्हणजे टॉमकॅटच्या लॉगमध्ये मरणाचं एक अक्षर नव्हतं. जावाला स्वतःला मेमरी अपुरी पडली असती, तर आउट-ऑफ-मेमरीची एरर दिसली असती. ती कुठेच नाही. शेवटी सर्व्हरवर डीमेसेज चालवलं, तेव्हा कळलं: लिनक्सच्या कर्नलनेच जावाची प्रोसेस मारली होती. मशीनची मेमरी संपली की कर्नल एखादी प्रोसेस निवडून ठार करतो, आणि बहुतेकदा सगळ्यात लठ्ठ असलेलीच सापडते.

लठ्ठ तिला मीच केलं होतं. एक्सएमएक्स ही फक्त हीपची मर्यादा. त्याबाहेर क्लासेससाठी मेटास्पेस लागते, जेआयटीने तयार केलेल्या कोडला जागा लागते, गार्बेज कलेक्टरचा स्वतःचा संसार असतो, आणि प्रत्येक थ्रेडला स्टॅक, ६४ बिट लिनक्सवर मुळात एक एमबीपर्यंत. टॉमकॅट न सांगता २०० थ्रेडपर्यंत जातो. (आमच्याकडे एका वेळी २०० माणसं आली तर आधी आई घर सोडून जाईल.) शेजारी मायएसक्यूएल, त्याचा नुसता बफर पूल १२८ एमबीचा. एवढ्या सगळ्यांत मी एकट्या हीपला पूर्ण एक जीबी देऊन बसलो होतो! काहीच सांगितलं नसतं, तर जावाने स्वतःहून साधारण पाव मेमरी, म्हणजे २५६ एमबीच घेतली असती. तज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा न केलेली सेटिंग बरी निघाली.

मग बसून हिशेब केला. हीप ३०० एमबी, मेटास्पेसला १०० ची मर्यादा (जावा ८ पासून ती मुळात अमर्यादच असते), कोड कॅश ४८, थ्रेड २५, स्टॅक अर्धा एमबी, आणि साधा सीरियल कलेक्टर. अडीअडचणीला एक जीबी स्वॅप. एवढंच. एक संध्याकाळ गेली, त्यातही तासभर वीज नव्हती.

"तुझ्या वेळेची किंमत बघ," असं लोक म्हणतात. ज्याला तासाला पैसे मिळतात, त्याचं ठीक आहे. खरंच गर्दी वाढली तर मीही मोठा सर्व्हर घेईन. पण कोडमध्ये गळती असेल, तर चार जीबीही भरणारच, फक्त चार दिवस उशिरा. आणि तेव्हा म्हणतील, आठ घे.

वर "जावा म्हणजे रॅमखाऊच" हे ठरलेलं. १९९१ मध्ये जेम्स गॉसलिंग आणि मंडळींनी ही भाषा करायला घेतली, ती घरगुती उपकरणांसाठी. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्यातल्या सिमवरही बहुधा जावाचंच छोटं रूप चालतंय, काही किलोबाइटांत. मग एका जेवणाच्या नोंदवहीला चार जीबी का लागावेत?

सीनियरने परवा विचारलं, "अजून एक जीबीवरच?" हो. रविवारी त्रेचाळीस जण होते. आईला आदल्या रात्रीच आकडा माहीत होता.