पांढरं पांढरंच दिसावं

भोपाळचं टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. इथल्या क्वार्टरच्या बैठकीत एक भिंत मोकळी केली की घरचा स्टुडिओ उभा राहतो. न्यू मार्केटमधून न चमकणारं पांढरं सुती कापड आणा, कडक इस्त्री करा, वरून सोडून जमिनीवर गोलाईने पुढे घ्या; भिंत आणि फरशी जुळते ती रेघ दिसत नाही. माणूस कापडाला टेकला की सावली मागे चिकटते, म्हणून त्याला चार-पाच फूट पुढे घ्या. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, तेव्हा कापडाला वेगळा दिवा हवाच, तोही दिवसाच्या उजेडाच्या रंगाचा. चेहऱ्याला खिडकी पुरते. दुसऱ्या बाजूने थर्माकोल धरा, गालावरची सावली मऊ होते. पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा सगळं राखाडी करतो; एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. परवा आमच्या आजीच्या चंदेरीची जर अशी तारेतारेने उजळली, आणि सुरकुत्यांतलं तिचं हसूही. घरातली माणसं अशीच, नीट उजेडात जपायला हवीत.